पुन्हा वापरायच्या टेपा

सोमवारची टेप

“सात दिवस पुरेत,” टेपवाले काका म्हणाले. “आठव्या दिवशी त्याच टेपवर पुन्हा लिहायचं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आत्ता तर आपण तीन महिने ठेवतो.”

“तीन महिन्यांपूर्वीचं मागतंय कोण? कपाटं भरलीत. उगाच नव्या टेपा मागवायच्या.”

“काका, सात दिवसांच्या टेपा माझ्या या खणात मावतील. मग तळघरातली खोली कशाला हवी? आणि खोलीच नसेल तर...” साहेब अडखळले. “तुम्हाला मुख्य कचेरीत पाठवावं लागेल. दुसऱ्या गावात. या वयात.”

“मला दिसलं ते सांगितलं,” काका म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. असा सरळ माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मंगळवारची टेप

इमारतींचे नकाशे काढणारी ती कचेरी. कॉम्प्युटरवरचं दिवसभराचं काम संध्याकाळी टेपवर उतरायचं, काका टेपला चिठ्ठी लावून ती कपाटात ठेवायचे. कुणाची फाइल उडाली की तो तळघराचा जिना उतरायचा.

बातमी चहाच्या आधी पोचली होती.

“असं कुणी आपणहून सांगतं होय?” नकाशे काढणारी कडाडली. तिच्या चालण्यामुळे सगळे तिला वादळ म्हणत. “आपण म्हणायचं, तीन वर्षं ठेवा आणि अजून दोन खोल्या द्या!”

“स्वतःच्या हातानं पायावर धोंडा,” हिशेबनीस हळहळले. “काका, काकू काय म्हणतात?”

“ती काय म्हणणार,” काका म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात इतका वेळ धरलं, की ते तुटून बुडालं.



बुधवारची टेप

नवा नियम शुक्रवारपासून होता. जुन्या टेपा ‘पुन्हा वापरायच्या’ ट्रेमध्ये येऊन पडू लागल्या होत्या. रोज एकीवर नवं लिहिलं जाणार आणि तिच्यावरचं जुनं कायमचं जाणार.

“जुन्या टेपांवाचून कचेरीचं अडतं, हे साहेबांना दिसलं पाहिजे,” वादळ हिशेबनिसांच्या कानात म्हणाली. मग तिनं मागच्या महिन्यातला एक सज्जा स्वतःच उडवला, ओरडाआरडा करून साहेबांना ऐकवलं आणि धडधडत तळघरात उतरली.

“काका, माझा सज्जा गेला!”

काकांनी ट्रेमधून एक टेप काढली. ती तशीच हातात धरून ते उभे राहिले.

“दुसरी प्रत नाही तुझ्याकडे?”

“नाही हो.”

“नीट बघितलंस?”

“तुमची शपथ!”

काकांनी उसासा टाकला आणि टेप मशीनमध्ये सरकवली. थोड्या वेळानं सज्जा कठड्यासकट पडद्यावर हजर झाला.

“काका, तुम्ही म्हणजे ना, देवमाणूस आहात!”

“एखादी गेली तर जाऊ द्यावी गं,” काका पुटपुटले.

किती तो विनय, असं ती वर जाऊन सगळ्यांना सांगत सुटली.

गुरुवारची टेप

हिशेबनिसांनी पगाराची जुनी फाइल उडवली.

(वरचं पुसून, त्याच जागी:)

हिशेबनिसांची पगाराची जुनी फाइल उडाली. काकांनी ती आणून दिली. साहेबांनी दोन्ही वेळा चष्मा काढून पुसला.

शुक्रवारची टेप

दुपारी साहेब स्वतः तळघरात आले. चेहरा पांढराफटक.

“काका, दवाखान्याचा जिना गेला. मंजूर झालेला. मीच मूर्खासारखा त्याच्यावर जुना नकाशा साठवून बसलो, तीन आठवड्यांपूर्वी. सोमवारी दवाखान्याचे लोक यायचेत. हे काम गेलं तर निम्म्या लोकांना घरी बसवावं लागेल.”

तळघराच्या जिन्यावर वादळ आणि हिशेबनीस थबकले होते.

“तुम्ही केलंत?” तिनं कुजबुजून विचारलं.

“छे! मला वाटलं तू.”

मशीनमध्ये नेमकी त्या नकाशाचीच टेप चढवलेली होती, पुन्हा लिहायला. एक बटण दाबायचं बाकी होतं. काकांचं बोट बटणावरच होतं.

काकांनी बटणाकडे बघितलं. मग साहेबांकडे. बोट बाजूला घेतलं.

“बसा,” ते म्हणाले. “पाणी प्या आधी.”

जिना पायरी पायरीनं पडद्यावर उतरला. शेवटची पायरी उमटली तशी साहेबांनी काकांना मिठीच मारली.

“चुलीत गेले ते सात दिवस! तीन महिनेच ठेवायचं. खोली राहणार आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. मुख्य कचेरीला आत्ता कळवतो!”

वरून टाळ्या पडल्या. वादळानं केक आणला, हिशेबनिसांनी दोनदा मागून खाल्ला. काकांचे डोळे भरून आले. ते पाहून सगळ्यांचेच आले. कचेरीत इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

शुक्रवारचीच टेप, उरलेल्या जागेत

काकांनी घराचं दार ढकललं. काकू बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध एका खोक्यावर बसल्या होत्या, हातात सुतळी.

काकांनी उरलेला केक दुसऱ्या खोक्यावर ठेवला.

“खोली राहिली,” ते म्हणाले. “मीही.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या आणि हसू काही केल्या आवरेना.

“लेकीनं नातीचा पाळणा सरकवून आपल्या पलंगाला जागा केलीय तिकडे,” हसता हसता त्या म्हणाल्या. “त्यासाठी सात दिवसांचं खूळ तुम्हीच साहेबांच्या डोक्यात भरवलंत, आणि एक, एवढी एक फाइल सापडत नाही म्हणायला तुमची जीभ रेटली नाही?”