कुर्माघरातला शुक्रवार

इतवारी वाकून कुर्माघरात शिरली आणि रंजीताची नजर आधी बाहेरच्या वाटेकडे गेली. आजच्याच दिवशी यावं का या बाईनं? सासू म्हणजे सासूच. जिथं नको तिथं नेमकी हजर.

पाळी आली की या गावातल्या बायका घर सोडतात आणि गावाबाहेरच्या या कुडाच्या झोपडीत येऊन बसतात. चार-पाच दिवस घराला शिवायचं नाही. जेवण घरचं कुणीतरी लांब ठेवून जातं. सासू-सुनेवर इथं एकदम बसायची वेळ येईल, हे रंजीताच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं तर इतवारी जेमतेम चाळिशीची. पण एकदा सासू म्हटलं की बाईचं वय कोण धरतो?

आणि रंजीताला तर पाळी आलीच नव्हती. तीन महिने झाले, आली नव्हती. तरी ती दर महिन्याला पोरीला काखेत घेऊन इथं येऊन बसत होती.

गेल्या पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुरात तुटला होता आणि तेव्हाच तिचे दिवस भरले. खाटेवर घालून चौघांनी दवाखान्यात नेली. पोर झाली, पण रक्त थांबेना. नशीब बलवत्तर म्हणून वाचली. ‘तीन वर्षं दुसरं लेकरू नको,’ डॉक्टरनं बजावलं. घरी आल्यावर नवरा जंगू म्हणाला, देव देईल तेव्हा देईल. इतवारी म्हणाली, “एक लेकरू म्हंजे काई लेकरू नाई.” रंजीता गप्प बसली. भीती काही गप्प बसेना. पोर पाच महिन्यांची झाली, पाळी परत सुरू झाली, तसं तिनं उपकेंद्रातल्या स्वाती नर्सबाईला गाठलं.

तांबी नको, अंगावरून जास्त गेलं तर कुर्म्यात आठ-आठ दिवस काढावे लागतील. गोळ्या नकोत, एका खोलीच्या घरात त्या लपवायच्या कुठं? राहिली दर तीन महिन्यांनी टोचायची, दिवस न राहू देणारी सुई. ती तिनं गुपचूप घेतली, आणि सुईनं पाळीच थांबली. घ्या, झाली का पंचाईत. पाळी नाही म्हणजे सून पोटुशी. घरचे आनंदानं कोंबडा कापणार, आणि पोट काही वाढणार नाही. मग सगळंच उघडं पडणार. म्हणून हे सोंग.

दुसरी सुई आज, शुक्रवारी होती. कुर्माघराकडे गडीमाणूस फिरकत नाही, म्हणून स्वाती इथंच येणार होती. आणि सासू नेमकी दारात बसली होती. आजची सुई चुकली तर जंगूला किती दिवस अडवायचं? पुन्हा ती खाट, पुन्हा तो पूर.

ती उठली. बसली. पोट भरलेल्या पोरीला पुन्हा अंगावर घेतलं. वाटेकडे पाहिलं, परत पाहिलं. झोपडीत आणखी दोघी होत्या, रुखमा आणि नंदिनी. रुखमा एकच कोपरा तिसऱ्यांदा झाडत होती. नंदिनीच्या तर आत-बाहेर चकराच चालल्या होत्या. त्यांना काय झालं होतं कुणास ठाऊक, रंजीताला स्वतःचंच पुरे झालं होतं.

“काऊन वो, तिघीबी अशा काय करून राह्यल्या? बसा ना एका जागी,” इतवारी म्हणाली.

“गरम होऊन राह्यलं आत्या.”

“ऐन मोहाच्या दिवसांत गावातल्या साऱ्या सुना इथी. मोहफुलं कोण वेचन? डुकरं?” पण आवाजात राग नव्हता. दोन महिने घरात येता-जाता डाफरणारी ही बाई आज पाय पसरून निवांत बसली होती. आता हिला उठवायचं कसं?

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. स्वाती सुयांचा निळा डबा घेऊन उतरली आणि दारातल्या इतवारीला पाहून थबकली. रंजीतानं सासूच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवली. नको, आत्ता नको. स्वातीची नजर तिच्यावरून पुढं सरकली, म्हणून रंजीतानंही बाजूला पाहिलं. रुखमा मान हलवत होती. नंदिनीही मान हलवत होती.

इतवारी मागं वळली. तिघींच्या माना जागच्या जागी थांबल्या.

“चार बायका बसल्या इथी,” ती सावकाश म्हणाली, “अन् सकाळपासून नाल्यावर पाळीचे कपडे धुवाले मी एकटी गेली. मले का काई समजत नाई?”

स्वाती डबा मागं लपवत होती, तो काही लपत नव्हता. आता मागं सरून उपयोग नव्हता. रंजीता पुढं झाली.

“आत्या, मले मराचं नाई.”

इतवारीनं तिच्याकडे बघितलं. मग नातीकडे बघितलं.

“मराचं कोनाले हाय?” ती म्हणाली. “दोन महिने पाळी चुकली व्हती माही. सुनेच्या मांडीवर लेकरू अन् सासू पोटुशी. गावात तोंड कुठी दाखवू? आज पहाटे आली, तवा जीव भांड्यात पडला.”

तिनं सरकून स्वातीला जागा करून दिली आणि लुगड्याचा पदर दंडावरून बाजूला केला.

“नर्सबाई, पैले मले दे. अन् जंगूच्या बापाले सांगू नोको.”