चंद्रावरचे अंबाजीराव

सीतालक्ष्मी गेल्याचा फोन आला तेव्हा अंबाजीराव चंद्रावर उभे होते.

म्हणजे खरे अंबाजीराव सरस्वतीपुरमच्या घरात, पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर एका ब्लाउजला बाही जोडत बसले होते. चंद्रावर होते ते तिच्या लॅपटॉपमधले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गणिताच्या या बाईंना रॉकेट बांधायच्या खेळाचा नाद लागला होता. म्हणायला खेळ, पण त्यात वजन, वेग, इंधन सगळं खऱ्यासारखं. हिशेब चुकला की रॉकेट पडायचं. यानात बसवायच्या माणसाला तिनं नवऱ्याचं नाव दिलं, कारण नवरा गावाच्या कडेच्या हिनकलच्या पुढं कधी हौसेनं गेला नव्हता. चंद्रावर त्याला तिनं नीट उतरवलं, पण परतीचं इंधन थोडक्यासाठी कमी पडलं. त्या सकाळी छातीत कळ आली म्हणून लेक दवाखान्यात न्यायला आली, तेव्हा गाडीत बसता बसता सीतालक्ष्मी म्हणाली, "लॅपटॉप बंद करू नका. तुम्ही तिथं सुम्ने, गप बसून राहा. मी येऊन नेते."

तेरावं झालं, माणसं पांगली. पूजितानं वडिलांच्या मागं लागून हिनकलच्या पुढल्या हूटगळ्ळीला आपल्याकडं यायचं कबूल करून घेतलं. अंबाजीरावांनी एकच अट घातली. चंद्रावरचा माणूस खाली आला की ते घराला कुलूप लावणार.

पूजिता म्हणाली, ते तर एका मिनिटाचं काम. खेळ मागं नेता येतो. माणूस चंद्रावर गेला त्याच्या आधीच्या दिवसावर नेला की झालं, तो घरीच असेल.

"गेलाय तो," अंबाजीराव म्हणाले. "गेलाच नाही असं कसं करायचं?"

मग रविवारी दुपारी बापलेक लॅपटॉपपुढं बसले. सीतालक्ष्मीच्या खुर्चीमागं उभं राहून अंबाजीरावांनी बरंच पाहिलं होतं. त्यांनी त्याला न्यायला जाणारं यान बांधायला घेतलं आणि सगळा जन्म जे केलं तेच केलं. शिंपी शिवणीच्या आत माया ठेवतो, थोडं कापड जादा, पुढं उसवून वाढवता यावं म्हणून. तिला इंधन कमी पडलं होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक टाकीपाशी आणखी एक टाकी लावली. पूजिता साकु साकु, पुरे आता, म्हणत राहिली. शेवटी बटण दाबलं. खालून आग आली, धूर आला, आवाज झाला. रॉकेट जागचं हललं नाही. इंधन तिथंच जळून संपलं.

पूजिताला हसू आवरेना. आईनं बघितलं असतं तर छडी काढली असती, म्हणाली. मग तिनं समजावून सांगितलं की जादा इंधनाचं ओझं उचलायला आणखी इंधन लागतं, आणि ते उचलायला आणखी. अंबाजीरावांनी पडद्यावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. खालच्या टाक्या तर वाटेतच गळून पडतात. मग त्यांच्यात जादा कशाला? त्यांनी एकेक टाकी उसवावी तशी काढली. फक्त सगळ्यांत वरची, परतीची टाकी मोठी ठेवली.

"चालवणाऱ्याचं नाव काय घालू?" पूजितानं विचारलं.

"तुझ्या आईचं घाल. येऊन नेते म्हणाली होती."

 पूजितानं एकेक अक्षर दाबून नाव घातलं.

या वेळी रॉकेट उठलं. टाक्या गळत गेल्या, पृथ्वी लहान झाली. उतरताना अंबाजीरावांनी लेकीचा हात बाजूला केला. मशीनच्या पायडलवर पाय जसा हलका ठेवतात तसं त्यांनी इंजिन हलकं ठेवलं. यान एकदा कललं, पण टेकलं ते सरळ. टेकलं मात्र लांब. चंद्रावरच्या माणसाला चालत यायचं होतं.

ते कळ दाबून त्याला चालवत राहिले. करड्या मातीत पांढरा ठिपका पुढं सरकत होता. बोट दुखत असेल, मी करते, असं पूजिता दोनदा म्हणाली. त्यांनी कळ सोडली नाही. एका खड्ड्यापाशी माणूस तोंडावर पडला, तेव्हा त्यांच्या तोंडून अयाई निघालं. तो उठला, यानापाशी आला, शिडी चढला, आत गेला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन चौकटी उजळल्या. दोन चेहरे, खाली दोन नावं.

दाराशी त्यांच्या कपड्यांची पेटी पूजितानं सकाळीच भरून ठेवली होती. मशीनवर चादर घातली होती.

"आता निघायचं ना, अप्पा?"

"बसू दे ग तिला जरा. किती लांबून आलीय."

पूजितानं हात मांडीवर घेतले. बाहेर उन्हं उतरली, तरी दोघं दिवा लावायला उठली नाहीत.

यान ठीक आहे. इंधन पुरेल. निघायचं तेवढं राहिलं आहे.