रोशनीच्या शेजारची जागा

"मधी सरक ना गो," कृष्णाबाई कॅमेऱ्याच्या काचेतून बघत म्हणाली.

रोशनी हलली नाही. दारासमोरच्या बाकड्याच्या अगदी टोकाला ती बसून राहिली. तीन वर्षांची पोर, आणि बाजूला आख्खं बाकडं रिकामं.

"मधी बसले तर ती कुठं बसंल?"

"कोन ती?"

"ती. माझ्यासारकी."

कृष्णाबाईचं बोट बटणावर होतं. ते आपोआप दाबलं गेलं.

चौऱ्याण्णवची दिवाळी नुकतीच सरली होती. लेक ललिता नणंदेच्या साखरपुड्याला जासईला गेली होती. शनिवार-रविवारपुरतं तिने रोशनीला पनवेलच्या कोळीवाड्यात आपल्या आईकडे सोडलं होतं. ललिताचा भाऊ कुंदन बोटीवर कामाला. गेल्या खेपेला त्याने हा कॅमेरा आणला होता. भाचीचे फोटो काढून ठेव, आलो की बघीन, म्हणाला होता. म्हणून कृष्णाबाईने आज बाजारात मासळीची टोपली नेली नव्हती. सकाळपासून ती नातीच्या मागे फिरत होती. भात खाताना एक काढला, मांजरीला हाका मारताना एक, वाळत घातलेल्या जाळ्यापुढे एक.

आता ते एकेक तिच्या डोळ्यांपुढे आले. पोर दर वेळी कडेलाच होती. जाळ्यापुढे तर तिचा एक हात बाजूला लांबवलेला होता. कुणाचा तरी हात धरल्यासारखा.

कृष्णाबाई पायरीवर बसली. ललिताला जुळ्या झाल्या होत्या. दुसरी रडलीच नाही. ललिता तेव्हा शुद्धीवर नव्हती. कृष्णाबाई आणि तिचा नवरा धर्मराज, दोघांनी दाराबाहेर उभ्या उभ्या ठरवलं, लेकीला एकच झाली म्हणून सांगायचं. मोठ्या मुश्किलीने वाचली होती ती, तिला हे सोसलं नसतं. धर्मराजने ते गाठोडं उराशी धरून खाडीकडे नेलं आणि तिवरांच्या झाडीत पुरलं. म्हातारी सुईण त्याच वर्षी वारली. गेल्या पावसाळ्यात धर्मराजही गेला. आता हे ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं होतं.

"तुला कोनी सांगितलं गो, तिच्याबद्दल?"

रोशनीला प्रश्नच कळला नाही. ती बाजूच्या रिकाम्या फळीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आजीला तू दिसत नाय."

रविवारी कृष्णाबाईने कॅमेरा हातात घेतला नाही. फडताळात तो पडून होता, पण तिचं लक्ष तिकडेच जात होतं. रोल धुऊन आला आणि त्या मोकळ्या जागेत कुणी दिसलं तर? ते ललिताने पाहिलं तर? दुपारी तिला राहवेना. ती कॅमेरा घेऊन उन्हात आली, त्याचं मागचं झाकण उघडलं आणि आतली पट्टी भराभर बाहेर ओढली. काळी, चकाकती पट्टी तिच्या पायांशी गोळा झाली. रोशनी दारात उभी राहून बघत होती. तिने हात बाजूला नेला आणि हवेत, स्वतःच्या उंचीवर, कुणाचे तरी डोळे झाकले.

ऊन उतरताना ललिता आली. खेळून दमलेली रोशनी चटईवर झोपली होती. कडेला, अंग चोरून.

"तरास दिला का गो हिनं?"

"नाय."

"फोटू काढलंस?"

"रोल खराब झाला," कृष्णाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली.

ललिताने पिशवी खाली ठेवली, घडवंचीवरची चादर उलगडली आणि लेकीच्या अंगावर घातली. मग तीच चादर तिने पुढे ओढली. रिकाम्या चटईवर ती पसरली, हाताने सारखी केली, आणि पलीकडची कड नीट आत खोचली. घाई नव्हती. रोजचं काम असावं तसे तिचे हात चालत होते.

कृष्णाबाई चटईजवळ येऊन बसली.

"ललिते, तुला कोनी सांगितलं?"

"कोनी नाय." ललिता अजून त्या मोकळ्या जागेवर हळूहळू थोपटत होती. "माझ्याच पोटात होत्या ना दोगी, आये. मला कळनार नाय?"