काचेतली गुणगुण

ओल धरून चिकट झालेली जुनी टेप वाजवण्याआधी मंद आचेवर भाजावी लागते. मग ती एकदाच नीट वाजते आणि तिचा थर सुटत जातो. कॅनबेराच्या ध्वनिसंग्रहालयात ग्लेनिसने आपल्या दिवंगत आईची एकुलती एक टेप अशीच भाजली.

"केक फुगला का गं?" शेजारच्या टेबलावरच्या बेव्हनने चिडवलं.

"गप रे. ही गेली तर आईचा आवाजच गेला."

आवाज डिस्कवर उतरला. आई लांब, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना गुणगुणत होती. टेप मात्र त्यातच निकामी झाली.

खबरदारी म्हणून ग्लेनिसने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. त्या प्रतीत आई स्वयंपाकघराच्या दाराशी गुणगुणत होती.

बेव्हनने दोन्ही प्रती संगणकावर ताडून पाहिल्या. "अंकन् अंक जुळतोय. कान तपासून घे, बाई."

आता प्रत काचेच्या चकतीवर कोरायची होती. काच हजारो वर्षं टिकेल म्हणतात. तिच्यावरचं पुसता येत नाही. ग्लेनिसचं बोट बटणावर जरा थबकलं. मग तिने ते दाबलं.

तेही अंक जुळले.

काचेवरची प्रत ऐकायला बाकावर बसून तिने हेडफोन लावला. गुणगुण थांबलेली होती. अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं.

"जरा सरक, पोरी," आई म्हणाली.

ग्लेनिस सरकली.