पुसापुशी

जोहान्सबर्गला दुसरा घरोबा केलेला सिबोनेलो फोनवरून पहिल्या लग्नाचे फोटो पुसत होता. खातं एकच, त्यामुळे इकडे घरच्या कॉम्प्युटरवरूनही ते एकेक करून नाहीसे होत होते. लोबोल्याची, म्हणजे वधूमूल्याची, गुरं देऊन झालेल्या लग्नाला कागद नव्हता; पुरावा म्हणजे हे फोटोच. थोलाखेलेने, त्याच्या बायकोने, उरलेले फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, उघडून पाहिले आणि मगच फोनशी असलेली जोडणी बंद केली.

तेवढ्यात त्याचा फोन आला. "कसलं लग्न? एक तरी फोटो दाखव!"

समोर पडद्यावर तो तिच्या आईच्या खांद्यांवर मानाचं ब्लँकेट घालत होता.

आजवर तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. कुळाच्या नावाने 'अहो म्खिझे' अशीच हाक मारायची.

"सिबोनेलो," ती म्हणाली, "पूस रे आता, खुशाल पूस."