कातरलेला पक्षी

समितीने चिन्ह एकमताने पसंत केलं, आणि मनिलाहून आलेला अर्नेल टाळ्यांकडे न बघता कागद गोळा करू लागला.

सान मिगेल गावच्या कला महोत्सवाचा सगळा चेहराच त्याने घडवला होता. रंग आणि अक्षरं त्याची स्वतःची होती. मधला पक्षी, चोचीत भाताची लोंबी धरलेला, तेवढा त्याचा नव्हता. तो गावातल्या आलिंग पुरिंगच्या, म्हणजे पुरिंगमावशीच्या, पास्तिल्यासचा होता. या दुधाच्या वड्या रंगीत पातळ कागदात गुंडाळतात आणि कागदाची कातरलेली शेपटी बाहेर सोडतात. गावात प्रत्येक घराची नक्षी वेगळी. दुसऱ्याची कोणी कातरत नाही. अर्नेलने पुरिंगचा कागद खिडकीच्या काचेला लावून सरळ गिरवला होता.

छापून आलेला फलक त्याने आधी आईला दाखवला. त्याची आई मिलाग्रोसही एके काळी पुरिंगशेजारी, एकाच बाकावर बसून कागद कातरायची. पुरिंगला फिएस्टात, गावच्या जत्रेत, पहिलं बक्षीस मिळालं, त्या वर्षी तिने कात्री ठेवली ती कायमची. तिने पक्ष्यावरून बोट फिरवलं. लोंबीपाशी ते थांबलं.

"खाली तुझं नाव आहे," एवढंच म्हणाली, आणि चुलीवरचा भात बघायला गेली.

आईला आपली चोरी कळली, आपली लाज वाटली, असं त्याने धरून घेतलं. उद्घाटनाआधी पुरिंगला सगळं सांगायचं, ती म्हणेल तर चिन्ह मागे घ्यायचं, असं त्याने ठरवलं. मग पुन्हा कोणी काम दिलं नाही तरी चालेल.

आलिंग पुरिंग दारातच बसली होती. लहानपणापासून ती त्याला वड्या द्यायची, पैसे कधी घ्यायची नाही. त्याच्या आईची चौकशी मात्र नेहमी खाली बघून करायची. आजही तिने बशी पुढे सरकवली.

"ये, मोठे साहेब. मनिलात जेवायला घालत नाहीत वाटतं? शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतोय."

त्याला हसू आलं नाही. त्याने फलक उलगडून तिच्या मांडीवर ठेवला. माफीचं पहिलं वाक्य वाटेत पाठ केलं होतं, ते म्हणायला त्याने तोंड उघडलं.

पण त्याआधीच पुरिंगने पक्षी तळहाताने झाकला.

"शेवटी सांगितलंच का मिलाग्रोसने," ती म्हणाली, "हा पक्षी मुळात कोणाचा आहे ते?"