मूर्तीच्या पोटात

मैत्रेय या मायेच्या भावी बुद्धांच्या पोकळ मूर्तीत प्राणप्रतिष्ठेसाठी मंत्रांच्या गुंडाळ्या भरून झाल्यावर सुतारानं पाठीची फळी ठोकली. या मूर्तीसाठी राणीनं माहेरचे पिरोज्यांचे दागिनेही मोडले होते. लामा मुहूर्ताची घंटा वाजवणार, तोच मूर्तीच्या चौथऱ्यामागे तिला लोकरीचा चिमुकला बूट दिसला. राजपुत्र दाईजवळ नव्हता.

“फळी काढा! रिग्झिन आत आहे!”

“राणीमा, मुहूर्त टळेल,” दिवाण पुटपुटला. “खेळत असेल कुठेतरी.”

तिनं सुताराची पटाशी हिसकावून फळी उचकटली. मूर्तीची पाठ चिरत गेली. आत गुंडाळ्यांच्या ढिगाआड लेकरू घामाघूम होऊन झोपलं होतं. त्याला उराशी धरल्यावर तिला ती चीर दिसली. “लामाजी, माझ्या हातून हे काय झालं?”

लामांनी तो बूट उचलून कपाळाला लावला आणि मूर्तीच्या पोटात ठेवला.

“हेच ठेवायचं राहिलं होतं. आता ठोका फळी.”